आठवड्यानंतरचं रक्त

फ्रान्सिस ग्लिसन या इंग्रज वैद्याने १६५४ साली यकृतावरच्या ग्रंथात एका तरुण उमरावाची हकिकत नोंदवली. द्वंद्वयुद्धात तलवार यकृतात घुसली. साधारण आठवड्याने तो रक्तस्राव होऊन दगावला. यकृतातली दुखावलेली रक्तवाहिनी पित्तनलिकेत फुटली, की रक्त आतड्यात उतरतं. याला ‘हिमोबिलिया’ हे नाव फिलिप सँडब्लॉमने दिलं, ते थेट १९४८ साली. मधली २९४ वर्षं मला अस्वस्थ करतात. आज कॅथेटर घालून ती वाहिनी आतूनच बंद करता येते. पण आधी शंका तर यायला हवी. बाइकवरून पडून पोटाला मार लागलेल्या मित्राला काही दिवसांनी शौचाला काळं होऊ लागलं, तर ॲसिडिटीची गोळी देऊ नका. त्याला लगेच हॉस्पिटलात न्या आणि तो मार डॉक्टरांना आठवणीने सांगा.