सागाच्या पानांची जाळी झाली, म्हणून झाड विकायचं का?
पावसाळा सरता सरता अलिबाग-मुरूडच्या टेकड्यांवरचा साग होरपळल्यासारखा तपकिरी दिसतो. वणवा नव्हे, हे अळीचं काम. यूटेक्टोना मॅकेरॅलिस ही अळी शिरांमधला हिरवा भाग खाते, पानाची जाळी उरते. वाढ मंदावते, पण झाड सहसा मरत नाही; नवी पालवी फुटते. लाकडाचा भाव ठरतो खोडाचा घेर, लांबी आणि सरळपणावर. त्यामुळे 'कीड लागलीय' म्हणणाऱ्या व्यापाऱ्याला पडेल भावात झाड देण्यात तोटा मालकाचाच.

आंब्याचा भिरूड मात्र वेगळा. तो खोडच पोखरतो, भोकातून भुसा पडतो.

साग असो वा आंबा, स्वतःच्या जागेतलं झाड तोडायलाही १९६४च्या वृक्षतोड कायद्यानुसार वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. सागाचं लाकूड हलवायला वन विभागाचा वाहतूक परवाना वेगळा.