कॉर्न आणि हॉर्न : दोन शब्दांची कुळकथा

इंग्लंडच्या इतिहासात ‘कॉर्न लॉज’ भेटतात. १८१५ साली झालेला हा कायदा १८४६ साली रद्द झाला. “म्हणजे मक्याचे कायदे का हो?” असे एका शिक्षकमित्राने विचारले आणि आम्ही शब्दकोश उघडून बसलो.

कायदे मक्याचे नव्हते. जुन्या इंग्रजीत कॉर्न म्हणजे दाणा, आणि त्यावरून धान्य. ज्या मुलखाचे जे मुख्य पीक, ते तिथले कॉर्न : इंग्लंडात गहू, स्कॉटलंडात ओट. देशातला गहू क्वार्टरला ८० शिलिंग होईपर्यंत परदेशी गहू बाजारात येऊ द्यायचा नाही, असा १८१५ चा कायदा होता. जमीनदारांचे फावले, गरिबाचा पाव महागला. अमेरिकेत गेलेल्या इंग्रजांनी मक्याला ‘इंडियन कॉर्न’ म्हटले; पुढे तिथे नुसते ‘कॉर्न’ उरले. १८४५ मध्ये आयर्लंडात बटाट्यावर रोग पडला, तेव्हा पंतप्रधान पील यांनी अमेरिकेतून मका मागवला आणि पुढच्या वर्षी कॉर्न लॉज रद्द करवले. एकाच प्रकरणात दोन अर्थांचे कॉर्न! सगळीकडे मका समजून वाचले, तर पावाच्या भावावरून झालेला झगडा हातातून निसटतो.

दाण्याचा हा अर्थ अजून टिकून आहे. पेपरकॉर्न म्हणजे मिरीचा दाणा. बार्लीकॉर्न म्हणजे जव. तीन जवांचा एक इंच. इंग्रजी बुटांचा एक नंबर आजही एका जवाएवढा, म्हणजे एक तृतीयांश इंच असतो. कॉर्न्ड बीफमध्येही मका नसतो. ते जाड्या मिठाच्या दाण्यांत मुरवलेले मांस.

मग पायाला होणाऱ्या कुरूपालाही इंग्रजीत कॉर्नच का म्हणतात? तो शब्द निराळा. तो लॅटिन ‘कॉर्नू’, म्हणजे शिंग, यावरून फ्रेंचमार्गे आला. नाव चपखल आहे. कुरुपाची निबर कातडी आणि गाईच्या शिंगाचे बाहेरचे आवरण, दोन्ही केराटिन या प्रथिनाची. ‘केराटिन’ हा शब्दही शिंगाच्या ग्रीक नावावरून केलेला.

गंमत पुढेच आहे. लॅटिन कॉर्नूचा इंग्रजी भाऊ कॉर्न नव्हे, तर हॉर्न! याकोब ग्रिम यांनी १८२२ साली मांडलेल्या नियमानुसार लॅटिनमधल्या ‘क’च्या जागी इंग्रजीत ‘ह’ येतो आणि ‘ग’च्या जागी ‘क’. पडताळून पाहू. संस्कृत शत, लॅटिन केंटुम, इंग्रजी हंड्रेड. तसेच शृंग, कॉर्नू, हॉर्न. आता दुसरी रांग : जानु, गेनू आणि इंग्रजी ‘नी’, जिच्या स्पेलिंगमधला मुका ‘क’ पूर्वी उच्चारला जाई. त्याच रांगेत जीर्ण, ग्रानुम, कॉर्न बसतात. जीर्ण म्हणजे जुना झालेला, दाणा म्हणजे पिकलेला. मुळाशी पिकणे, जून होणे हीच कल्पना. म्हणजे सारखे दिसणारे दोन कॉर्न परके निघाले आणि न दिसणारे नातलग!

शेवटी शिक्षकांसाठी एक शब्द : हॉर्नबुक. छापखाना आल्यावरही इंग्लंडात कागद महागच होता. म्हणून मुळाक्षरांचा कागद दांड्याच्या फळीवर लावून त्यावर शिंगाचा पातळ, पारदर्शक पापुद्रा बसवीत. मुलांच्या बोटांनी कागद मळत नसे. अठराव्या शतकापर्यंत तिथली मुले यावर अक्षरे गिरवीत.

वर्गात कोणी दोन शब्द ‘सारखेच दिसतात’ म्हणाले, तर त्याला गप्प करू नये. आणखी चार जोड्या शोधायला सांगाव्यात. नियम जुळला तर नाते, नाही तर योगायोग.