पंच-आउट: ठोसे कमी, नजर जास्त

आज एका अशा बॉक्सिंग गेमचा इतिहास, ज्यात नुसती बटणं बडवत सुटलात तर हमखास हरता.

साल १९८४. निन्टेंडोचा 'पंच-आउट' आर्केडमध्ये आला. एकावर एक असे दोन स्क्रीन, वर गुण आणि खाली रिंग. पण एक अडचण होती. आपला बॉक्सर पाठमोरा उभा, मग समोरचा दिसणार कसा? डिझायनर गेन्यो ताकेदा यांच्या टीमने आपला बॉक्सर हिरव्या रेघांचा केला, अगदी आरपार दिसणारा. कारण सगळा खेळ बघण्याचाच. समोरचा ठोसा मारण्याआधी काहीतरी इशारा देतो. तो ओळखा, चुकवा, मग मारा.

१९८७ मध्ये हा गेम घरच्या एनईएसवर आला. त्या मशीनला असा मोठा आरपार बॉक्सर झेपेना. मग काय, हिरोच बुटका केला! लिटल मॅक असा जन्मला. त्याच्या डोक्यावरून प्रतिस्पर्धी आरामात दिसतो. शिवाय हार्ट्स आले. ठोसा अडवला गेला की हार्ट कमी. शून्य झाले की मॅक गुलाबी पडतो आणि ठोसाच मारू शकत नाही, नुसतं चुकवत राहायचं.

तीन सर्किट्स: मायनर, मेजर, वर्ल्ड. मेजरमध्ये भेटतो ग्रेट टायगर, मुक्काम बॉम्बे! फेटा, फेट्यात रत्न आणि चक्क जादू. आपल्या मुंबईत असा बॉक्सर कुणी पाहिलाय? प्रत्येक देशाचं असंच व्यंगचित्र इथे आहे, आणि ते आज खटकतं. गंमत म्हणजे त्याला हरवायची किल्लीही त्या फेट्यातच: रत्न चमकलं की ठोसा येणार.

शेवटी खुद्द माइक टायसन. पहिल्या दीड मिनिटात त्याचा एक अपरकट बसला की मॅक आडवा. टायसनसोबतचा करार संपल्यावर १९९० मध्ये त्याच्या जागी मिस्टर ड्रीम आला. चेहरा नवा, चाली त्याच!

१९९४ च्या 'सुपर पंच-आउट'मध्ये आरपार बॉक्सर परतला, टाइम अटॅक मोडही आला. मग थेट २००९, वी कन्सोल. इथे चॅम्पियन झाल्यावर गेम संपत नाही. 'टायटल डिफेन्स'मध्ये जुनेच बॉक्सर नव्या युक्त्या शिकून येतात. सदा हरणारा ग्लास जोसुद्धा हेडगिअर घालून!

आणि शेवटचा मोड, 'मॅक्स लास्ट स्टँड'. लढत राहा, पण तीनदा हरलात की मॅक निवृत्त. त्या फाइलमध्ये त्याचं करिअर कायमचं बंद. पासवर्ड टाकून थेट टायसनसमोर उभं करणाऱ्या, हवे तितके डाव देणाऱ्या गेमने बावीस वर्षांनी खेळाडूला खरी हार दाखवली. खऱ्या बॉक्सरलाही एक दिवस ग्लोव्ह्ज उतरवावेच लागतात ना?

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर ठोसा मारण्याआधी नीट बघा!