कपकेकची रांग आणि रस्त्याचं भाडं

फलकावर आजचा विषय वाचून काही चेहऱ्यांवर हसू उमटलेलं दिसतंय. तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात घालवलेल्या माणसाने केकवर बोलावं याचं नवल वाटणारच. पण शहराचा इतिहास दुकानांच्या पाट्यांवरूनही वाचता येतो, आणि कधी कधी तिथे तो जास्त स्वच्छ अक्षरात लिहिलेला असतो. आज आपण न्यूयॉर्क शहराचा, ढोबळमानाने १९९६ ते २०१४ या काळाचा असाच एक तुकडा वाचू. आपला प्रश्न साधा आहे : एखादी घरगुती वस्तू एका शहरात अचानक ‘विशेष’ होते, तेव्हा त्यातून निर्माण होणारं मूल्य शेवटी कुणाच्या खिशात जातं?

आधी थोडी पूर्वपीठिका. कपकेक ही काही कालपरवाची गोष्ट नाही. अमेलिया सिमन्स या बाईंच्या १७९६ सालच्या ‘अमेरिकन कुकरी’ या पुस्तकात छोट्या कपांमध्ये भाजायच्या हलक्या केकची कृती आहे. पुढे १८२८मध्ये एलायझा लेस्ली यांच्या पुस्तकात ‘कप केक’ हे नावच येतं. गंमत अशी की या नावात दोन अर्थ मिसळलेले आहेत. कप म्हणजे भाजायचं भांडं, आणि कप म्हणजे मापही. तराजू न वापरता कपाने पीठ मोजायचं, कपाने साखर मोजायची. आपल्या आज्या ‘वाटीभर रवा, वाटीभर साखर’ म्हणायच्या, तीच ही रीत. म्हणजे कपकेक जन्मतःच घरच्या स्वयंपाकघराचा होता. त्याला ना आचाऱ्याची गरज, ना काट्याची.

विसाव्या शतकात तो कारखान्यातही गेला. १९१९पासून पाकिटातला तयार कपकेक विकला जाऊ लागला. तरी अमेरिकन मनात त्याची जागा ठरलेली होती : मुलाचा वाढदिवस, आईने भाजलेले केक, शाळेतल्या वर्गात वाटप. आपल्याकडे वाढदिवसाला वर्गात चॉकलेटं वाटतात तसंच. अशा वस्तूसाठी मोठी माणसं भर थंडीत रांग लावतील, असं १९९०मध्ये कुणी म्हटलं असतं तर लोक हसले असते.

१९९६च्या उन्हाळ्यात ॲलिसा टोरी आणि जेनिफर अ‍ॅपल या दोघींनी ग्रीनिच व्हिलेजमध्ये, ब्लीकर स्ट्रीट आणि वेस्ट ११वी स्ट्रीट यांच्या कोपऱ्यावर, मॅग्नोलिया बेकरी उघडली. दुकानाचा थाट जुन्या स्वयंपाकघराचा. विकायचे होते ते मोठे, थरांचे केक. सांगतात असं, की उरलेल्या मिश्रणाचे छोटे केक केले आणि तेच जास्त खपू लागले. वर फिकट गुलाबी, फिकट हिरव्या रंगाच्या लोणी-साखरेच्या क्रीमचा घुमावदार फराटा. बस्स, एवढंच! १९९९मध्ये दोघी वेगळ्या झाल्या आणि अ‍ॅपलबाईंनी ‘बटरकप’ नावाचं आपलं दुकान काढलं. पुढे मॅग्नोलियात काम केलेल्या माणसांनी चेल्सीत ‘बिलीज बेकरी’ काढली. आपल्या गायकीत घराणी फुटतात तशी ही घराणी फुटत गेली. २००३मध्ये अप्पर वेस्ट साइडला ‘क्रम्ब्ज’ आलं. २००५मध्ये तिकडे कॅलिफोर्नियात, बेव्हर्ली हिल्सला, ‘स्प्रिंकल्स’ निघालं. ते काढणाऱ्या बाई पूर्वी गुंतवणूक बँकेत नोकरीला होत्या. म्हणजे धंदा आता स्वयंपाकघरातून हिशेबाच्या वहीत शिरला होता.

मधल्या काळात एक छोटी घटना घडली. २००० साली ‘सेक्स अँड द सिटी’ या दूरदर्शन मालिकेच्या एका भागात दोन मैत्रिणी मॅग्नोलियाबाहेर बाकावर बसून कपकेक खातात. अगदी थोडा वेळ चालणारं दृश्य. पण त्यानंतर त्या कोपऱ्यावर रांग लागली, पर्यटकांच्या बस येऊ लागल्या, आणि एका माणसाला डझनापेक्षा जास्त कपकेक मिळणार नाहीत असा नियम करावा लागला.

आता आपण ‘का’ हा प्रश्न विचारू. केवळ मालिकेमुळे, असं उत्तर देणं सोपं आहे. पण मालिका रोज शेकडो वस्तू दाखवतात. त्या सगळ्यांसाठी रांगा लागत नाहीत. आम्हाला तीन कारणं दिसतात.

पहिलं. केक कापावा लागतो. कापायचा म्हणजे प्रसंग हवा, माणसं हवीत, पहिला तुकडा कुणाला हा प्रश्न हवा. कपकेक कापावा लागत नाही. तो एकट्याचा केक आहे. एकटी राहणारी, एकटी जेवणारी माणसं ज्या शहरात लाखोंनी आहेत, तिथे हा सण एकट्याने साजरा करता येतो. दुसरं कारण असं, की घरी केक भाजणं कमी झालं तेव्हाच घरच्यासारखा केक विकत घेण्याजोगा झाला. जे रोज फुकट मिळतं त्याची आठवण विकता येत नाही. आपल्याकडे पुरणपोळीची दुकानं कधी निघाली, ते आठवून पाहा. आणि तिसरं : मालिकेतल्या नायिकेच्या पायातले बूट शेकडो डॉलरचे होते, तिच्या हातातला कपकेक काही थोड्या डॉलरचा. त्या आयुष्याचा एवढाच घास सामान्य माणसाला परवडत होता.

इथवर कथा गोड आहे. आता त्या कोपऱ्यावरून जरा पलीकडे पाहू.

मॅग्नोलियापासून हाकेच्या अंतरावर, ५५५ हडसन स्ट्रीट या घरात, जेन जेकब्ज राहत असत. ‘द डेथ अँड लाइफ ऑफ ग्रेट अमेरिकन सिटीज’ हे त्यांचं १९६१चं पुस्तक. शहराचा रस्ता जिवंत कशाने राहतो? निरनिराळ्या छोट्या दुकानांनी, दिवसभर वेगवेगळ्या वेळी येणाऱ्या माणसांनी, असं त्यांचं म्हणणं. त्याच पुस्तकात एक इशाराही आहे : एखाद्या रस्त्याचं वैविध्य यशस्वी झालं की त्या यशानेच ते नष्ट होऊ लागतं. कारण जागेची किंमत चढते, आणि चढलेली किंमत देऊ शकणारी एकाच जातीची दुकानं तिथे उरतात. जेकब्जबाई १९६८मध्ये टोरांटोला गेल्या. त्यांचा इशारा मात्र त्यांच्याच रस्त्यांवर खरा झाला.

रांग लागली हे फॅशनच्या व्यापाऱ्यांच्या नजरेतून सुटलं नाही. मार्क जेकब्ज या फॅशनकाराचं दुकान ब्लीकर स्ट्रीटवर आलं, मग त्याच नावाची आणखी दुकानं आली, त्यांच्यामागून बाकीची बडी नावं. मॅग्नोलियाच्या समोरच्या कोपऱ्यावर चरित्रग्रंथांसाठी ओळखलं जाणारं ‘बायोग्राफी बुकशॉप’ होतं. भाडं परवडेना म्हणून त्याला ती जागा सोडावी लागली. २०१०मध्ये तिथे मार्क जेकब्ज यांचंच ‘बुकमार्क’ हे दुकान उघडलं. पुस्तकं तिथेही होती, पण आता एका फॅशनच्या नावाखाली. पुढे २०१७च्या सुमारास याच रस्त्यावर रिकाम्या गाळ्यांची रांग दिसू लागली. भाडी इतकी चढली होती की बड्यांनाही ती झेपेनात.

कपकेकचंही तेच झालं. २०११मध्ये ‘क्रम्ब्ज’ नॅसडॅक या शेअर बाजारात उतरली. शेअरधारकांना वाढ हवी असते, म्हणून दुकानं वाढवत न्यायची. पण पीठ, लोणी, साखर, अंडी यांवर कुणाची मक्तेदारी नाही. जो भट्टी लावेल तो स्पर्धक. शिवाय हौस फिरली. मे २०१३मध्ये सोहो भागात डॉमिनिक आन्सेल यांचा ‘क्रोनट’ आला आणि पहाटेच्या रांगा तिकडे वळल्या. जुलै २०१४मध्ये क्रम्ब्जने आपली सगळी दुकानं एका दिवसात बंद केली आणि त्याच आठवड्यात दिवाळखोरीचा अर्ज केला. नंतर नव्या मालकांनी काही दुकानं पुन्हा उघडली, पण तो बहर ओसरला होता. मॅग्नोलिया मात्र टिकली. ती मालक बदलून जगभर गेली, २०१९मध्ये आपल्या बंगळुरूतही आली.

आता मुंबईकडे एक नजर टाकू. ग्रँट रोड स्टेशनसमोर १९१४मध्ये बी. मेरवान सुरू झालं. मावा केक हाही एकट्याचाच, कागदाच्या वाटीतला केक. सकाळी चहाबरोबर खायचा आणि कामाला लागायचं. तिथली गर्दी सवयीची, मॅग्नोलियातली हौसेची. पण सवय चांगली आणि हौस वाईट, एवढ्यावर समाधान मानलं तर आपण इतिहास वाचलाच नाही असं होईल. कायदाही पाहायला हवा. न्यूयॉर्कमध्ये दुकानांच्या भाड्यावर १९४५ ते १९६३ नियंत्रण होतं, ते पुढे उठलं. मुंबईत १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याखाली दुकानांचे गाळेही आले. बरीच जुनी दुकानं, इराणी हॉटेलं त्या आधारावर तगली. अर्थात त्याची किंमतही आपण मोजली. भाडं वाढत नाही म्हणून मालक डागडुजी करत नाही, आणि इमारती मोडकळीला येतात. निव्वळ गोठवलेलं भाडं हे काही उत्तर नव्हे.

मग सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर काय? कोपऱ्यावरचं ते मूल्य कुणी निर्माण केलं? भाजणाऱ्यांनी, रांगेत उभं राहणाऱ्यांनी, पुस्तकं विकणाऱ्यांनी, बाकावर बसून गप्पा मारणाऱ्या शेजाऱ्यांनी. थोडक्यात, सगळ्यांनी मिळून. ते वसूल झालं प्रामुख्याने जागेच्या भाड्यातून, आणि भाडं एकाकडे जातं. अनेकांनी पेरलेलं एकाने कापून न्यावं, हा शेतीच्या इतिहासातला जुनाच तंटा आहे. शहरात तो गुलाबी क्रीमखाली झाकलेला असतो, इतकंच.

पुण्यात, ठाण्यात, नाशकात आज एखाद्या गल्लीत नवं, गोड, गर्दीचं दुकान उघडलं तर जरूर जा, खा. फक्त परतताना शेजारच्या दोन दुकानांच्या पाट्या वाचून या. वर्षभराने पुन्हा वाचा. त्या शिंप्याचं, त्या वाणसामानवाल्याचं, त्या ग्रंथालयाचं काय झालं ते पाहा. न्यायाची चर्चा आपण नेहमी मोठ्या ग्रंथांतून करतो, पण ती त्या दोन पाट्यांपाशीही सुरू करता येते.

इथे थांबू. आता तुमचे प्रश्न घेऊ.