लेकराचा उपास

मागच्या आषाढीला खामगावला घरी होतो. अकरा वर्षांचा भाचा अंगानं जरा भरलाय. आई ताईला म्हणाली, "त्याले दोन दिवस उपाशी ठेव, आपोआप उतरते चरबी." मग साबुदाण्याची उसळ झाली, तीही दोनदा! साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. तो पोटात गेला की इन्सुलिन वाढतं आणि चरबी वापरणं थांबतं.

रात्री मात्र भाच्यानं ताट सरकवलं. शाळेत पोरं चिडवतात म्हणे. हळूच विचारलं, "मामा, चरबी कधी जळायला लागते?"

प्रश्न जुनाच. उपाशी राहिलं की आधी यकृतातली साखर संपते. मोठ्यांना साधारण एक दिवस पुरते, मुलांना त्याहून कमी, कारण शरीराच्या मानानं त्यांचा मेंदू मोठा असतो. मग चरबीपासून कीटोन बनतात. मेंदूला फक्त साखरच चालते, असं पूर्वी समजत. 1967 साली अमेरिकेत ओवेन आणि काहिल यांनी पाच-सहा आठवडे उपाशी असलेल्या तीन लठ्ठ रुग्णांवर दाखवून दिलं की तेव्हा मेंदू मुख्यतः कीटोनवरच चालतो. लठ्ठ माणसात मात्र इन्सुलिन जास्त असल्यानं कीटोन सावकाश वाढतात.

त्या दशकात उपास हा लठ्ठपणावरचा उपचारच झाला होता. पण चरबीबरोबर स्नायूही झिजायचे, वजन परत यायचं, काही रुग्ण दगावलेही. तो उपचार मागे पडला. वाढत्या मुलाचे स्नायू झिजणं तर त्याहून वाईट. अलीकडे किशोरवयीन मुलांना ठरावीक तासांतच जेवण देऊन पाहिलं गेलंय, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

आणि आपल्या शरीरांना भूक काही नवी नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक 1993 पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या माता-बालकांचा अभ्यास करत आले. तिथली बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनची 3.5 किलोची. आपली बाळं हडकुळी, पण त्या मानानं कातडीखालची चरबी टिकून! पोटात असताना आईची उपासमार झाली, तर बाळाचं शरीर काटकसर शिकतं, असा एक तर्क आहे.

हे सांगत होतो तेव्हा आई गप्प बसली होती. 1972 च्या दुष्काळात ती दहा वर्षांची होती. आजी खडी फोडायला जायची. आजीची एकादशी कधी चुकली नाही, पण कामावर मिळालेली सुकडी ती एकादशीलाही मुलांच्या हातावर ठेवायची. आईला तिचे शब्द आठवले, "लेकराले उपास नसते."

मी भाच्याला म्हटलं, "अरे, रात्री झोपेतही थोडी चरबी जळतेच. लवकर जेव, उसळीऐवजी भाकरी-वरण खा, आणि खेळ."

आईनं उठून त्याच्यासाठी भाकरी टाकली. एकादशीच्या रात्री, आमच्या घरात!

पुढं गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतली, तेव्हा खामगाव ते शेगाव तो तिच्यामागे चालत गेला. पोटभर जेवून.