सावड आणि दुष्काळ

हिंगोली म्हटले की आपणांस येथील दसरा आठवतो, औंढ्याचा नागनाथ आठवतो, नामदेवांची नरसी आठवते. आज आम्ही या भूमीकडे निराळ्या बाजूने पाहणार आहोत. पाऊस फिरला, हाताला काम उरले नाही, अशा वेळी येथील संसार कोणाच्या आधाराने तगले?

गावाने तारले, हे उत्तर आपल्या ओठांवर असते. ते खोटे नाही. कोणाचे बैल दगावले तर शेजारी आपापली औते घेऊन येत आणि एका दिवसात त्याचे रान नांगरून देत. मोबदला एका जेवणाचा. ही इर्जिक. आज आम्ही तुमच्या शेतात, उद्या तुम्ही आमच्या, ही सावड. पायलीभर ज्वारीची उसनवारी तर बायकाबायकांतच चाले; घरधन्याला तिचा कित्येकदा पत्ताही नसे.

परंतु हे सारे उपाय एका घरावरील आपत्तीचे. शेजाऱ्याच्या पेवात असेल तर शेजारी देईल. १९७२ साली मराठवाड्यात खरीप बुडाला तो सगळ्यांचाच, आणि आधीची वर्षेही तुटीची गेलेली. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती. स्वतंत्र जिल्हा झाला १९९९ साली. सगळीच पेवे रिकामी, तेव्हा उसने मागायचे कोणाकडे? सगळ्यांनीच जनावरे बाजारात काढली की जनावराला किंमत राहत नाही.

शिवाय गाव म्हणजे कोणाचे गाव, हेही विचारले पाहिजे. सावड होई ती औतवाल्यांत. बलुतेदाराचा वाटा खळ्यावर. खळेच झाले नाही तर वाटा कशाचा? गावकुसाबाहेरच्या माणसाला विहिरीवर घागर बुडवता येत नव्हती, आणि टंचाईत ती मनाई ढिली होण्याऐवजी कित्येकदा घट्टच होई. जुन्या गावगाड्याची गोडवी गाताना आपण हे सोयीने विसरतो.

त्या दुष्काळात माणसे जगली ती खडी फोडून. १९७३ च्या मे महिन्यात राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख मजूर होते. रस्ते, पाझर तलाव, नालाबांध. पोटाला सुकडी आणि परदेशातून आलेली तांबडी मिलो. ती मिलो गोड लागली असे म्हणणारा मनुष्य आम्हांस अद्याप भेटलेला नाही! पण शेतवाला आणि शेतमजूर, पाटलाच्या घरची सून आणि वाड्याबाहेर कधीच न बसू दिलेली बाई, एकाच खडीच्या ढिगावर बसल्या.

वि. स. पागे यांच्या आग्रहातून आलेली रोजगार हमी योजना याच काळात राज्यभर उभी राहिली. तिचा कायदा १९७७ चा. अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. तिच्या खर्चासाठी १९७५ साली व्यवसाय कर बसला. मुंबईच्या कारकुनाच्या पगारातून काही रुपये कापले जात आणि सेनगाव-कळमनुरीकडील मजुराच्या हाती मजुरी पडे. दोघांनी एकमेकांचे तोंड पाहिलेले नसे. आमच्या मते ही सावडच, फक्त शिवेपलीकडे गेलेली. कारकून मात्र कुरकुरत असे.

जुना धागा तरीही तुटला नाही. त्याने रूप पालटले. मराठवाड्यातील कोरडवाहू गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादम पुष्कळदा गावातलाच, नात्यातलाच. आजारपण, लग्न, अडचण, सगळ्याला उचल तोच देतो. आणि ती फिटेपर्यंत नवराबायकोचा कोयता त्याच्याकडेच बांधलेला राहतो.