हेलिकॉप्टरचा कार्गो हूक मध्येच का सुटतो?

परळ-लालबागला टॉवरचं काम करणारी क्रेन तुम्ही पाहिलीच असेल. तिच्या हुकाचं काम एकच : माल धरून ठेवणं. माल खाली टेकला की माणूस हाताने दोर काढतो. हेलिकॉप्टरच्या पोटाखालच्या कार्गो हुकाला मात्र दोन उलट कामं करावी लागतात. माल घट्ट धरायचा आणि वेळ आली तर क्षणात सोडायचा. लटकलेला माल जोरात झोके घेऊ लागला किंवा कुठे अडकला, तर तो हेलिकॉप्टरलाच खाली खेचू शकतो.

31 ऑगस्ट 2024 ला हवाई दलाचं एमआय-17 केदारनाथहून एक नादुरुस्त हेलिकॉप्टर लटकवून गौचरला नेत होतं. वजन आणि वाऱ्यामुळे तोल जाऊ लागल्याने ते लिंचोलीजवळ सोडून दिलं, असं स्थानिक प्रशासनाने सांगितलं. कोणालाही इजा झाली नाही. हे मुद्दाम सोडणं होतं. पण बटण न दाबताच माल सुटला तर?

हूक कसा चालतो?

माल हुकाच्या आडव्या दांडीवर लटकतो आणि ती दांडी आतल्या खिट्टीने अडवलेली असते. वैमानिकाने कंट्रोल स्टिकवरचं बटण दाबलं की वीज सोलेनॉइडला जाते, खिट्टी सरकते आणि मालाच्या वजनाने दांडी खाली उघडते. वीज गेली तर पर्याय म्हणून बहुतेक हुकांना हाताने ओढायची वेगळी केबल असते.

आपोआप सुटण्याची नेहमीची कारणं

- वायरिंग : घासलेली वायर किंवा कनेक्टरमध्ये शिरलेलं पाणी. शॉर्ट झालं की हुकाला बटण दाबल्यासारखंच वाटतं.
- केबलला ढील नसणं : हूक झोक्याबरोबर हलतो, केबल ताणली जाते आणि खिट्टी ओढते.
- चुकीच्या मापाची रिंग : स्लिंग ढिली पडली की रिंग दांडीवर उलटते. पुन्हा ताण आला की ती तोंडावरची स्प्रिंगची पट्टी ढकलून बाहेर निसटते. इथे हूक उघडतच नाही!
- अर्धवट लॉक : मळ किंवा झीज यामुळे हूक बंद दिसतो, पण खिट्टी पूर्ण बसलेली नसते.
- चुकून दाबलेलं बटण : स्टिकवर इतरही बटणं असतात.

मग कारण सापडत का नाही?

सॉफ्टवेअरवाल्यांना हा त्रास ओळखीचा वाटेल. बग एकदाच दिसतो, पुन्हा चालवून पाहिलं तर सगळं ठीक. जमिनीवर तपासताना हुकावर ना वजन असतं, ना कंपनं. ओली वायर तोवर सुकलेली असते. बटण नेमकं कधी दाबलं याची नोंद ठेवणारी यंत्रणा बऱ्याच छोट्या हेलिकॉप्टरमध्ये नसते. थोडक्यात, लॉगच नाही. त्यामुळे ‘हूक तपासला, दोष आढळला नाही’ याचा अर्थ दोष नव्हता असा होत नाही.

काळजी काय घेतात?

उड्डाणापूर्वी बटण आणि केबल, दोन्हीने हूक उघडून पाहतात. केबलची ढील, वायरिंग आणि निर्मात्याने सांगितलेलं रिंगचं माप तपासतात. घटना घडलीच, तर हूक, रिंग आणि स्लिंग आहे त्या स्थितीत जपून ठेवावी. आधी साफसफाई केली की पुरावाच पुसला जातो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं : लटकता माल वस्तीवरून किंवा माणसांच्या डोक्यावरून न्यायचा नाही. सोडण्यासाठीच बनवलेला हूक कधीतरी सुटेल, हे धरूनच मार्ग आखायचा.